काळं घड्याळ, पांढरं फडकं

आमच्या हौसाला काळं कळायचं. कुणाला सोनं कळतं, कुणाला साडी कळते. हिला काळं कळायचं. छत्री घेताना आधी तिची मूठ चोळून बघायची. लेकीच्या लग्नात जावयाला बूट घेतले, तेव्हा दुकानात बैठक मारून टाचेवर असा अंगठा फिरवला की दुकानदार म्हणाला, "मावशी, बूट हाय, म्हैस न्हाई." ही म्हणाली, "म्हशीचं काळं पक्कं असतंय, दादा. तुमचंच बघायचं हाय."

ती माझी बायको. संक्रांतीच्या आधी गेली. संक्रांतीला नेसायची काळी साडी तिनं वर काढून ठेवली होती, ती तशीच पलंगाच्या दांडीवर हाय. कुणी घडी करत न्हाई आन् मी कुणाला करू देत न्हाई.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय हजेरीच्या वहीत सही करण्यापुरती. पण लेक म्हणाली, "आबा, आईचं जे आठवतं ते लिहून ठेवा." म्हणून लिहायला बसलो. मंगल, तुला वाटतंय त्यापेक्षा ह्यात जास्त निघेल. शेवटपर्यंत वाच.

आम्ही दोघं नगरला नागापूरच्या एमआयडीसीत एकाच शेडमधे कामाला होतो. आमच्याकडं लोखंड काळं करायचं काम चालायचं. नट, बोल्ट, पाने, ट्रॅक्टरचे भाग. माल टोपलीत भरायचा, उकळत्या कॉस्टिकच्या टाकीत सोडायचा, वर काढून पाण्यात बुडवायचा आणि शेवटी तेलात. तेल लागलं की काळं उठून दिसतं आणि गंजही धरत न्हाई. मी टाकीवर होतो. हातावरचे डाग त्या टाकीचेच.

हौसाला शेठनं पॅकिंगला घेतलं होतं. तिचं काम बोल्ट मोजून पिशवीत भरायचं. पण तिनं दुसऱ्याच आठवड्यात माझ्या बापाचं एक जुनं धोतर फाडून त्याची फडकी केली आणि कमरेला एक खोचून आली. टोपलीतला एक बोल्ट उचलायची, तेल झटकायची, फडक्यात धरून अंगठ्यानं एकदाच ओढायची. एकच ओढ. दुसरी न्हाई. फडकं पांढरं राहिलं तर माल पास, फडक्याची चौघडी करून कमरेला. फडक्यावर काळं उतरलं तर त्याच्या टोकाला गाठ मारायची आणि ते टोपलीच्या कानाला बांधून टाकायची. गाठीचं फडकं लागलं की तो माल पुढं जायचा न्हाई. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेठनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाला, "हे काय धुणं वाळत घातलंय?"

"शेठ, ह्यो माल रडतोय. त्याला फडकं दिलंय."

शेठ हसला न्हाई, पण पुढच्या महिन्यापासून तिला चेकिंगला बसवलं. पुरुष गडी तिला फडकेवाली म्हणायचे. तिला चालायचं.

आता माझी गोष्ट सांगतो. एकदा टाकीचा ताव कमी पडला आणि एक लॉट तांबूस निघाला. गाडी दारात उभी. परत टाकी तापवायला वेळ न्हाई. शेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काजळी लाव." त्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना ठाऊक. दिव्याची काजळी तेलात कालवायची आणि मालाला चोळायची. दिसायला टाकीच्या काळ्यापेक्षा सुरेख दिसतं. मी चोळली. कोपरापर्यंत हात काळे करून टोपल्या चेकिंगच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

हौसानं बोल्ट उचलला. अंगठा ओढला. फडकं उघडून बघितलं. मग माझ्या हाताकडं बघितलं. तोंडाकडं न्हाई, हाताकडं. सगळी शेड बघत होती. तिनं सावकाश गाठ मारली, टोपलीला बांधली आणि म्हणाली, "टाकीवाल्यांना सांगा, नवरा घरी. हितं न्हाई."

गाडी रिकामी गेली. मी तिच्याशी चार दिवस बोललो न्हाई. चौथ्या दिवशी जेवताना तीच म्हणाली, "काजळी डोळ्यात घालायची असती. लोकांच्या डोळ्यात न्हाई."

अशी बाई होती. तोंडानं गोड न्हाई. माझं तोंडही तसलंच, त्यामुळं आमचं जमलं. शेड बंद पडली तेव्हा आम्ही राहुरीकडं गावी आलो. कालव्याच्या कडेला आमचं घर. तिनं फडकी काही सोडली न्हाईत. देवाचा दिवा पुसायची त्यानं, चष्मा पुसायची त्यानं. कढई, तवा घासायला मात्र तिला कालव्याची वाळू लागायची. मंगलनं पुण्याहून घासायच्या साबणाच्या बाटल्या आणल्या, त्या हिनं ओळीनं खिडकीत मांडल्या. शोभेला. म्हणायची, "वाळूशिवाय कढई घासली म्हंजे तोंड न धुता पावडर लावली."

मागच्या वर्षी तिची छाती धडधडायला लागली. बसल्या बसल्या. जिना न्हाई, डोंगर न्हाई, भाकरी थापताना. राहुरीच्या डॉक्टरनं छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं की ठोके मधेच पळतात, पळाले की लगेच घेऊन या. मंगल म्हणाली, नाडी बघणारं घड्याळ मिळतं. ठोके पळाले तर ते हातावर थरथरतं आणि इकडं पुण्यात माझ्या मोबाईलवर निरोप येतो, नाडीचा रोजचा आकडाही दिसतो. फक्त ते हातावरून काढायचं न्हाई.

हौसा म्हणाली, "मला शोभायचं न्हाई. म्हातारीच्या हातात चकचकीत काय करायचंय?"

"आई, शोभेसाठी नाही. जिवासाठी."

"मग काळं घ्या. काळा दोरा बांधला समजून बांधीन."

तिच्या मनात ते घड्याळ काळा दोरा झालं ते तिथंच. आणि माझ्याही.

नगरला कापडबाजाराजवळच्या एका दुकानात गेलो. काउंटरवर एक मुलगी होती, बोलायला चांगली. मंगलनं फोनवर तिला सगळं सांगितलं होतं. तिनं चार काळी घड्याळं मांडली. हौसानं कमरेचं फडकं काढलं. मी मनात म्हटलं, आता झालं.

पहिलं प्लास्टिकचं. हौसानं विचारलं, "ह्याचं काळं कशाचं?"

"प्लास्टिकच काळं आहे, आजी. वरून रंग नाही."

"मग सुटायचं न्हाई. पण उन्हानं पांढुरकं पडंल. आमच्या टाकीच्या झाकणावानी."

दुसरं ॲल्युमिनियमचं. ते तिनं बराच वेळ हातात धरलं. "काळं झकास बसलंय. पण आतला धातू लोण्यावानी हाय. कुठं आपटलं की खड्डा पडणार, आन् खड्ड्यात पांढरं दिसणार."

मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "तिला विचारा. मी नुसता टाकीवर होतो."

तिसरं घड्याळ मुलीनं दोन्ही हातांनी पुढं केलं. "हे सिरॅमिकचं. आरपार काळं. घासलं, ओढलं, कधीच जाणार नाही." हौसानं ते गळ्यातल्या काळ्या मण्यांशेजारी धरलं. मणी तसेच, आरपार काळे. लग्नात घातलेले अजून काळे. तिचे डोळे असे झाले की मला वाटलं, घेतलं आता. पण तिनं विचारलं, "शहाबादी फरशीवर पडलं तर?"

मुलीनं ते हळूच परत डब्यात ठेवलं.

"मग कपबशीच म्हणा की."

चौथं स्टीलचं, वर काळा थर. मुलगी म्हणाली, हवा काढून घेतलेल्या पेटीत धातूची वाफ करून हे चढवतात, लई टणक असतं. मी पुढं सरकलो. जन्म काळं करण्यात गेला आणि हे मला नवीन. मी विचारलं, "वर तेल लावावं लागतं का?"

"तेल कशाला, आजोबा? ह्याला काहीच लावायचं नाही. नुसतं पुसायचं. पाठीमागची काच मात्र स्वच्छ ठेवायची, तिथून नाडी दिसते."

हे ती बोलली होती. मी ऐकलं होतं. हे आधीच लिहून ठेवतो.

हौसानं फडक्यात धरून अंगठा ओढला. फडकं पांढरं. मग हातातल्या पाटलीनं कडेला घासायला लागली, तशी मुलगी ओरडली, "आजी, आजी! विकत घेतलं नाही अजून!"

"घासल्याबिगर घेऊ कशी?" हिनं फडक्याची चौघडी केली. "वरचं टणक असून भागत न्हाई, पोरी. खालचं मऊ असलं की वरचं फुटतं. ह्याला खाली स्टील हाय. हे दे. किती टिकंल?"

"ते वापरावर आहे."

"मी जाईस्तोवर टिकलं तरी बास."

"असं नका बोलू, आजी."

"मग कसं बोलू? घालणार मीच ना?"

आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला आता दुपारच्या वेळी ऐकू येतं. घरात कुणी नसतं.

घड्याळानं काम चोख केलं. दोनदा थरथरलं. एकदा शेंगा फोडताना, एकदा शेजारच्या वास्तुशांतीत. दोन्ही वेळा मंगलचा फोन आला, मी रिक्षा केली, डॉक्टरनं सुई दिली, संध्याकाळी ही घरी येऊन भाकरी करत होती. शेजारणीला हात दाखवून म्हणायची, "माझा पहारेकरी. बिगरपगारी."

पण वाळू. घड्याळ काढायचं न्हाई म्हणून ती हातात ठेवूनच कढई घासायची. पावसाळा सरता सरता अंगठ्याकडच्या कोपऱ्यावर पांढरा ठिपका दिसायला लागला. मोहरीएवढा. दिवाळीपर्यंत ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. तिनं अंगठा फिरवला. "सुटलं," म्हणाली. मग हसली. "मी म्हटलं व्हतं, मी जाईस्तोवर टिकू दे. ह्यानं तर आधीच वाट धरली. आता काय वं करायचं?"

तिनं गंमत केली. मला ती गंमत वाटली न्हाई.

मी देवभोळा माणूस न्हाई. पण त्या दिवसापासून मी तिच्या तोंडाकडं कमी आणि त्या ठिपक्याकडं जास्त बघायला लागलो. ज्वारीचा दाणा तुरीएवढा झाला. मला वाटायचं, काळा दोरा झिजत चाललाय, आणि तुटला की ही जाणार. हे कुणाला सांगणार? सत्तरी ओलांडलेल्या गड्यानं? मी तिला म्हटलं, वाळू सोड. ती म्हणाली, "मग मला बी सोडा."

मग मी जे केलं ते लिहितो. ह्यासाठीच लिहायला बसलो.

दुपारी ती घड्याळ चार्जिंगला लावून शेजारणीकडं निवडटिपण करायला जायची. तेवढाच वेळ ते हातावर नसायचं. मी दिवा लावला, वर ताटली धरली, काजळी धरली. शिलाई मशीनच्या तेलात कालवली. स्टीलला आमच्या टाकीचं काळं धरत न्हाई, हे मला ठाऊक होतं, म्हणून काजळी. ठिपक्यावर चोळली. पण ठिपका तेवढाच वेगळा दिसायला लागला. मग एकसारखं दिसावं म्हणून सगळ्या घड्याळावर बोट फिरवलं. कडा, कोपरे, पाठ, सगळं. टोपलीतला बोल्ट चोळावा तसं. हाताची जुनी सवय, तो थांबत न्हाई.

ती आली, हातात घातलं. म्हणाली, "आज लईच काळं दिसतंय."

मी म्हटलं, "ऊन कमी हाय."

काजळी दोन दिवसांत निघायची. मी परत चोळायचो. तिच्या मनगटावर काळं लागायचं, ती म्हणायची, "तवा लागला वाटतं," आणि धुऊन टाकायची. मला बरं वाटायचं. ठिपका दिसत न्हाई ना, मग काळ थांबलाय, असं वाटायचं. माझ्या डोक्याचं काय झालं होतं मला माहीत न्हाई.

मग एक दिवस घड्याळावर नाडीचा आकडा येईना. नुसत्या दोन आडव्या रेघा. ती मला दाखवायला आली. "अवं, ह्याला माझी नाडी घावंना. मी गेले का काय, बघा बरं." मनगट माझ्या नाकापुढं धरलं. मी म्हटलं, चार्जिंग कमी असेल.

आता खरं सांगतो. डोक्यात आलं होतं. पाठीच्या काचेतून नाडी बघणारा हिरवा दिवा लागतो, त्याच्यावर काजळी बसली असेल, असं आलं होतं. त्या मुलीचं बोलणंही आठवलं होतं. पण पुसायला गेलो तर ठिपका उघडा पडेल, ही भीती मोठी होती. नुसती काच पुसून कोपरा ठेवता आला असता. हे आज सुचतं. तेव्हा सुचलं न्हाई.

त्याच्या पुढच्या आठवड्यात मी सकाळी डेअरीला दूध घालून आलो. नळ चालू होता. ती मोरीशी भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात अर्धी घासलेली कढई, मुठीत वाळू. मी म्हटलं, "नळ बंद कर की." मग जवळ गेलो. तिचा हात उचलला तसं घड्याळ उजळलं. वेळ दिसली. नाडीच्या जागी दोन रेघा.

त्या रेघा तिच्या होत्या का माझ्या काजळीच्या, हे मला कोण सांगणार?

डॉक्टर म्हणाला, झटका मोठा होता, घड्याळ काय करणार. मग म्हणाला, "तरी अर्धा तास आधी कळलं असतं तर..." बायांनी तिला अंघोळ घालताना घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मी ते बघण्याआधीच सदऱ्याला पुसलं. सवयीनं. त्यामुळं तेही गेलं. त्या सकाळी काचेवर काजळी किती होती, हे आता देवालाच ठाऊक.

मंगल, तू दहाव्याला मला धरून रडलीस. म्हणालीस, "आबा, आठवडाभर मोबाईलवर आकडाच येत नव्हता. मला वाटलं, आई काढून ठेवते. मी फोन करून विचारायला पाहिजे होतं. माझंच चुकलं." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गप्प राहिलो. लोकांना वाटलं, बाप लेकीला धीर देतोय. मी धीर देत नव्हतो, लपत होतो. तुझं चुकलं न्हाई. तुझ्या मोबाईलवर येणारं मी काळं केलं होतं.

घड्याळ आता देवळीत ठेवलंय. रोज दुपारी तिच्या वेळेला मी ते चार्जिंगला लावतो. का लावतो, विचारू नकोस. कधी कधी ते उचललं की पाठीचा हिरवा दिवा उघडझाप करतो, मनगट शोधल्यासारखा. एकदा मी हातात घातलं. माझी नाडी लगेच घावली. बहात्तर. मी ताबडतोब काढून ठेवलं. मोरीवर वाळूचा आवाज येतो कधी. जाऊन बघतो. कढई कोरडी असते. मी ती उरलेली अर्धी घासली न्हाई अजून.

चार्जिंगची वायर मागच्या आठवड्यात नादुरुस्त झाली. घड्याळाच्या डब्यात दुसरी असेल म्हणून डबा उघडला. वायर नव्हती. कागदांच्या खाली हौसाचं फडकं होतं. माझ्या बापाच्या धोतराचं. चौघडी केलेलं.

मी उघडलं. मधोमध काळी ओढ. अंगठ्याएवढी रुंद. एकच. दुसरी न्हाई.

मी चारही टोकं बघितली. खिडकीशी नेऊन बघितली. गाठ नव्हती. मारून सोडली असती तर चुणी राहिली असती, तीही नव्हती. एमआयडीसीत सगळ्या शेडसमोर नवऱ्याच्या टोपलीला गाठ बांधणारी बाई. जन्मभर काळं उतरलेल्या फडक्याची तिनं कधी घडी केली न्हाई. ही एक केली. कुणाची काजळी, कशासाठी चोळली, सगळं ओळखून केली, आणि घड्याळ तसंच हातात घातलं.

हौसा, मला हे पास नको होतं. गाठ मारायची होतीस. चार माणसांत मारायची होतीस. चार दिवस बोललो नसतो, पाचव्या दिवशी काच पुसली असती.

मला आता तो दिवस आठवतो. ती जायच्या आधी चार-पाच दिवस असतील. मी ओट्यावर म्हशीचं दावं वळत होतो. ती दारात उजेडाकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून उभी होती. कोपर एकदा हललं. मला वाटलं, चष्मा पुसतेय. मग बराच वेळ मान खाली घालून हातातलं काहीतरी बघत राहिली. मागं वळली, फडक्याची घडी करत करत माझ्या बोटांकडं बघितलं. तोंडाकडं न्हाई, बोटांकडं. नखात काळं होतं. मी मूठ मिटली.

ती म्हणाली, "चहा ठेवू का?"

मी म्हटलं, "ठेव."